परसातला कांदा : उळ्यापासून माळ्यापर्यंत



उसाची लागण, खोडव्याची निगा, माती परीक्षण, पाचट कुजविणे या विषयांवर आम्ही या पानांतून वेळोवेळी लिहीतच असतो. या खेपेला मात्र ऊस थोडा बाजूला ठेवून कांद्याविषयी लिहिणार आहोत. आणि तेही बाजारात न्यायच्या कांद्याविषयी नव्हे, तर मागल्या दारी, परसात, घरच्या खाण्यापुरता बियापासून करायच्या कांद्याविषयी. कुणी म्हणेल, "ऊसवाल्या साहेबांना हा काय नवा उद्योग सुचला?" तर त्याचे कारण असे.

आपला खंडाळा तालुका हा कांद्याचा तालुका. लोणंदच्या बाजार समितीतला हळवा कांदा महाराष्ट्रभर ठाऊक आहे. असे असताना गटात फिरताना आम्हाला काय दिसते? ज्याच्या रानात दोन एकर ऊस उभा आहे, विहिरीला पाणी आहे, गोठ्यात दोन म्हशी आहेत, त्याच्या घरची बाई आठवडी बाजारातून किलो-दोन किलो कांदा पिशवीतून आणते. वीर धरण झाले, नीरा उजवा कालवा आला, अलीकडे धोम-बलकवडीचे पाणी आले. पाणी वाढले तसा ऊस वाढला, आणि ऊस वाढला तसा घरामागचा भाजीपाल्याचा तुकडा आक्रसत गेला. उसाचे बिल वर्षातून ठरल्या हप्त्यांनी येते, फोडणीला कांदा मात्र रोज लागतो. भाव चढला की तो खर्च नेमका घरच्या बाईच्या हातातल्या पैशातून जातो. दुधाचे, कोंबडीच्या अंड्यांचे जे काय तिच्याकडे साठते, त्यालाच कात्री लागते.

कांद्याच्या भावाचे आपण शेतकरी सांगावे तेवढे थोडे. १९८० साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली चाकणला कांदा उत्पादक रस्त्यावर उतरले ते भाव पडला म्हणून. त्याच १९८० सालच्या लोकसभा निवडणुकीत शहरात कांदा गाजला तो भाव चढला म्हणून. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आली, मे २०२४ मध्ये उठली, आणि मधल्या काळात पिकवणाऱ्याचे काय झाले हे लोणंदच्या बाजारात गाडी नेणाऱ्यांना विचारावे. या रहाटगाडग्यावर आपला इलाज थोडा आहे. पण ज्याच्या माळ्यावर चार महिन्यांचा कांदा टांगलेला आहे, त्याच्या चुलीला तरी या भावाची झळ लागत नाही. एवढे आपल्या हातात आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

किती जागा, किती कांदा?

आधी हिशेब करू. पाच-सहा माणसांच्या घरात रोज अर्धा किलो कांदा लागतो असे धरले, तर मेपासून नोव्हेंबरपर्यंत साधारण शंभर किलो कांदा पाहिजे. साठवणीत सुकून, कुजून, कोंब येऊन एक तृतीयांश तरी घट येणार. म्हणजे काढणीला दीडशे किलो हाती पडला पाहिजे. एक गुंठा जागेत, वाफ्यांचे बांध आणि पाट सोडून, नीट निगा राखली तर दोनशे ते अडीचशे किलो कांदा निघतो. म्हणजे एक गुंठा जागा घराला पुरून पाहुण्यारावळ्यांना पिशवीभर देण्याइतकी झाली. अर्धा गुंठाच असेल तरी चार-पाच महिन्यांची सोय होते.

जागा उन्हातली पाहिजे. आंब्याच्या, चिंचेच्या सावलीत पात माजते, कांदा पोसत नाही. जमीन निचऱ्याची, भुसभुशीत असावी. नीरेकाठच्या भारी काळ्या जमिनीत शेणखत जास्त घालून माती मोकळी करावी लागेल. डोंगराकडच्या हलक्या मुरमाड रानात खत आणि पाणी थोडे थोडे, पण वरचेवर द्यावे लागेल. मागच्या वर्षी जिथे कांदा किंवा लसूण होता, त्याच वाफ्यात पुन्हा कांदा घेऊ नये.

हंगामाप्रमाणे जात

कांद्याचे तीन हंगाम आपल्याला ठाऊक आहेत : खरीप, रांगडा आणि रब्बी. व्यवहारात आपण हळवा आणि गरवा म्हणतो. खरिपाचे उळे पालखी नीरा ओलांडून लोणंदला मुक्कामाला येते त्या सुमारास वाफ्यात पडलेले असते. पण पावसाळ्यात रोपांची मर होते, ढगाळ हवेत करपा येतो आणि निघालेला कांदा फार दिवस टिकत नाही. तो निघाला की विकायचा, नाही तर खाऊन संपवायचा. परसात पहिल्यांदाच कांदा करणाऱ्याने म्हणूनच रब्बीचा गरवा कांदा धरावा. हवा कोरडी, रोग कमी, आणि कांदा पाच-सहा महिने टिकणारा.

रब्बीसाठी राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने शिफारस केलेली, निफाडच्या संशोधन केंद्रातून आलेली 'एन-२-४-१' ही जुनी खात्रीची जात आहे. राजगुरुनगरच्या कांदा व लसूण संशोधन संचालनालयाच्या 'भीमा शक्ती' व 'भीमा किरण' याही रब्बीला चांगल्या आणि टिकाऊ. नाशिकच्या राष्ट्रीय बागवानी संशोधन व विकास प्रतिष्ठानची 'अॅग्रीफाऊंड लाईट रेड' ही आणखी एक. आपल्या भागात फुरसुंगी नावाने चालणारे स्थानिक गरवे बीही पुष्कळ जण वापरतात. खरिपाला 'बसवंत-७८०', 'एन-५३', 'फुले समर्थ', 'भीमा सुपर', 'अॅग्रीफाऊंड डार्क रेड' या जाती. या दोन गटांची अदलाबदल करू नये. खरिपाची जात रब्बीत लावली तर डेंगळे आणि जोड कांदेच जास्त निघतात, आणि जो कांदा मिळतो तो आखाडापर्यंतसुद्धा टिकत नाही.

पिशवीवर नको, बियावर विश्वास ठेवा

आता मुख्य मुद्दा. परसातला कांदा जर कुठे फसत असेल तर तो खतात नाही, पाण्यात नाही, तो बियात फसतो.

कांद्याचे बी हे फार अल्पायुषी. गहू, ज्वारी, हरभरा यांचे बी नीट ठेवले तर दोन-तीन वर्षे उगवते. कांद्याचे बी आपल्या दमट हवेत एक पावसाळा काढला की निम्मे मेलेले असते आणि दुसरा पावसाळा काढला की जवळपास सगळे. दिसायला मात्र ते तसेच काळेभोर, कुळकुळीत. डोळ्याला फरक कळत नाही. एप्रिल-मेमध्ये निघालेले बी त्याच वर्षीच्या दसरा-दिवाळीला पेरायचे, हा साधा नियम.

आमच्या गटातल्या एका सभासदाच्या घरी दिवाळीच्या आत उळे टाकले. पिशवी बाजारातून घेतलेली, वरची छपाई झोकदार, पण तारीख कुणी पाहिली नव्हती. आठ दिवस झाले, बारा दिवस झाले, वाफ्यावर तण तेवढे हिरवे झाले. मग पुन्हा बी आणले, पुन्हा वाफे केले. त्या घोळात महिना गेला. रोप लावणीला आले तोवर जानेवारी सरत आला होता. मार्चच्या उन्हाने पात लवकर पिवळी पडली आणि निघाली ती नुसती चिंगळी, गोटीएवढी. बियाचे पैसे थोडे होते हो. गेला तो हंगाम, आणि तो कोणी परत देत नाही. त्या घरची माउली आम्हाला म्हणाली, "साहेब, पैशाचं काय न्हाई, पर माझं तीन म्हयन्याचं पानी वाहिल्यालं वाया गेलं." हे ज्याने डोक्यावरून हंडे वाहिले त्यालाच कळते.

म्हणून पितृपंधरवड्यातच बियाची परीक्षा घ्या. खर्च काही नाही. बी सरसकट हाताने घेऊन, न निवडता, शंभर दाणे मोजा. ओल्या सुती फडक्यावर दहा-दहाच्या ओळीत मांडा, फडके गुंडाळा, ताटलीत सावलीला ठेवा, सुकू देऊ नका आणि पाण्यात बुडवूही नका. दहाव्या दिवशी उघडून मोड आलेले दाणे मोजा. प्रमाणित बियाला किमान सत्तर टक्के उगवण असावी लागते. तुमच्या फडक्यात सत्तरच्या वर आले तर खुशाल पेरा. पन्नास आले तर बी दीडपट घ्या. तीसच्या खाली आले तर ते बी कोंबड्यांपुढे टाका; फक्त त्याला औषध चोळलेले नाही ना एवढे पाहा, असेल तर खड्ड्यात पुरा. दसऱ्याला अजून वेळ असतो, दुसरे बी मिळवता येते. परीक्षा न घेता पेरले तर हाच निकाल आपल्याला वाफ्यात, महिना वाया घालवून कळतो.

बी विकत घेताना पावती घ्यावी आणि पिशवीचा खूण-कागद जपून ठेवावा. निळा खूण-कागद म्हणजे प्रमाणित बियाणे, हिरवा म्हणजे विक्रेत्याच्या जबाबदारीचे सत्यप्रत बियाणे. दोन्हींवर उगवण टक्केवारी, तपासणीची तारीख आणि मुदत छापलेली असते. ती वाचायची. स्वतःला दिसत नसेल तर शाळेत जाणाऱ्या नातवाला वाचायला लावायची.

उळे टाकणे

शिफारशीप्रमाणे हेक्टरी ८ ते १० किलो बी लागते, म्हणजे गुंठ्याला ८० ते १०० ग्रॅम. परसात निगा हाताखाली असते, त्यामुळे चांगल्या उगवणीचे ५० ग्रॅम बी एका गुंठ्याला पुरते. एका ग्रॅममध्ये कांद्याचे अडीचशे ते तीनशे दाणे भरतात, त्यावरून हिशेब करावा.

पन्नास ग्रॅमला एक मीटर रुंद, तीन मीटर लांब असे दोन गादीवाफे करावेत. उंची १५ सेंटिमीटर. प्रत्येक वाफ्यात दोन-तीन पाट्या चांगले कुजलेले, चाळलेले शेणखत मिसळावे. ट्रायकोडर्मा मिळाली तर ती या शेणखतात मिसळून चार दिवस ओली ठेवून मग वापरावी. रोपांच्या मरीला आळा बसतो. कारखान्याची मळी वापरायची तर ती पूर्ण कुजलेलीच पाहिजे. ताजी मळी तापते आणि कोवळे मोड भाजून काढते.

बी फोकू नये. वाफ्याच्या रुंदीला आडव्या, चार बोटांवर रेघा ओढाव्यात, एक सेंटिमीटर खोलीवर बी पातळ पेरावे, आणि वरून चाळलेल्या खताने झाकावे. ओळीत पेरले की खुरपणे सोपे जाते. कांद्याची रोपे पहिले तीन आठवडे केसासारखी बारीक असतात, तणात हरवली की सापडत नाहीत.

पेरल्यावर वाफ्यावर उसाचे पाचट पातळ अंथरावे आणि झारीने पाणी द्यावे. पाटाचे पाणी सोडल्यास बी वाहून एका कोपऱ्यात गोळा होते. सात ते दहा दिवसांत मोड वर येतात. पहिली हिरवी कमान दिसली की संध्याकाळच्या वेळी पाचट काढून घ्यावे; एक-दोन दिवस उशीर झाला तरी रोपे पिवळी आणि उंचाडी होतात. कोंबड्यांपासून वाफा राखावा. पाचट काढल्यावर त्यांचा पहिला डोळा तिथेच असतो.

दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत उळे पडले पाहिजे. त्याआधी फार लवकर टाकले तर रोपे थंडीपर्यंत जाड होतात आणि पुढे डेंगळे जास्त येतात. फार उशीर झाला तर काय होते ते वर सांगितलेच.

लागण

पन्नास दिवसांच्या सुमारास रोप पेन्सिलीपेक्षा थोडे बारीक झाले की लावणीला आले. आदल्या दिवशी वाफा भिजवावा म्हणजे मुळे न तुटता रोप सुटते. फार बारीक आणि फार जाड अशी दोन्ही रोपे बाजूला काढावीत. बाजूला काढलेली टाकायची नाहीत. एका कोपऱ्यात दाट लावली की महिनाभरात पातीची भाजी होते. पातीचा झुणका आणि बाजरीची भाकरी, त्याच्यापुढे बाकी सगळे फिके.

पाते लांब असेल तर शेंड्याकडचा तिसरा हिस्सा कापावा. सपाट वाफ्यात दोन ओळींत १५ सेंटिमीटर आणि दोन रोपांत १० सेंटिमीटर अंतर ठेवावे, म्हणजे चौरस मीटरला ६६ रोपे बसतात. रोप खोल गाडू नये. मुळे झाकतील एवढेच दाबावे. खोल लावलेला कांदा लांबुळका आणि जाड मानेचा होतो.

नोव्हेंबरअखेर ते डिसेंबर ही लागणीची वेळ. आपल्या तालुक्यापुरता एक सोपा ठोकताळा सांगतो : ३ जानेवारीला नायगावला सावित्रीबाईंच्या जयंतीला जाऊन येईपर्यंत परसातली लागण उरकलेली असावी.

उसाचा हात कांद्याला चालत नाही

हे मथळ्यातले वाक्य नीट ध्यानात घ्यावे. आपल्या हाताला सवय उसाची. पाणी सोडले की सरी तुडुंब, युरिया टाकला की पसापसाने. कांद्याचा स्वभाव अगदी उलटा. त्याची मुळे वीतभर खोलीतच राहतात. त्याला पाणी थोडे पण वेळेवर पाहिजे. रब्बीत सात ते दहा दिवसांनी हलके पाणी, हलक्या रानात थोडे लवकर. कालव्याची पाळी आली म्हणून वाफा तळ्यासारखा भरला की पात पिवळी पडते आणि करप्याला निमंत्रण मिळते. भाज्या-धान्य धुतलेले पाणी चालेल, साबणाचे नको.

खताचेही तसेच. गुंठ्याला १५० ते २०० किलो शेणखत लागणीपूर्वी घालावे. त्याच वेळी १०:२६:२६ खत दोन किलो द्यावे. युरिया एकूण पावणेदोन किलो; त्याचे दोन भाग करून लागणीनंतर तीस आणि पंचेचाळीस दिवसांनी द्यावेत. साठ दिवसांनंतर युरियाची मूठसुद्धा नको. उशिरा दिलेल्या युरियाने पात माजते, मान जाड होते, आणि तो कांदा चाळीत सर्वांत आधी सडतो. गंधकाने कांद्याला तिखटपणा आणि टिकाऊपणा येतो, म्हणून माती परीक्षणात गंधक कमी असेल तर लागणीपूर्वी तेही द्यावे.

आणखी एक धोका फक्त ऊसवाल्याच्या घरी असतो : तणनाशक. उसात अॅट्राझीन मारलेल्या रानात लगेच कांदा लावू नये, रोपे बसतात. टू-फोर-डी मारलेला पंप नुसता विसळून परसात निंबोळी अर्क फवारायला आणू नये. शक्यतो परसाचा पंप वेगळाच ठेवावा.

किडींत फुलकिडे मुख्य. पातीवर पांढुरके चट्टे दिसले की मधली पात फाकवून पाहावी, आत पिवळसर बारीक किडे दिसतील. सुरुवातीलाच पाच टक्के निंबोळी अर्क फवारावा, दर आठवड्याला पाहणी ठेवावी. ढगाळ हवेत पातीवर जांभळट डाग पडले तर करपा समजावा. रोगट पाती काढून जाळाव्यात, पाणी कमी करावे. औषध मारण्याची वेळ आलीच तर कृषी सहायकाला विचारून मारावे आणि त्या वाफ्यातली पात मग खाण्यासाठी खुडू नये. घरच्या भाजीत विष आले तर परस कशाला करायचा?

काढणी आणि साठवण

एप्रिलमध्ये माना पडू लागतात. निम्म्या झाडांच्या माना पडल्या की काढणी करावी. त्याआधी दोन आठवडे पाणी तोडावे. माना पडाव्यात म्हणून पातीवरून पिंप फिरविण्याची काही ठिकाणी पद्धत आहे, पण आपसूक पडलेली मान जशी मिटते तशी जबरदस्तीने पाडलेली मिटत नाही.

उपटलेला कांदा तीन-चार दिवस रानातच सुकवावा. एका ओळीची पात दुसऱ्या ओळीच्या कांद्यावर येईल असा मांडावा, म्हणजे उन्हाने कांदा भाजत नाही. मग मान दोन-अडीच सेंटिमीटर ठेवून पात कापावी आणि सावलीत दहा-बारा दिवस पातळ पसरावा. जोड, डेंगळ्याचे, जाड मानेचे, खरचटलेले कांदे निवडून आधी खायला घ्यावेत.

घरापुरता कांदा ठेवायला चाळीची गरज नाही. पात न कापता जुड्या बांधून माळ्याच्या आढ्याला टांगल्या तर चारही बाजूंनी वारा लागतो. नाही तर बांबूच्या टोपल्यांत, विटांवर ठेवलेल्या फळ्यांवर, वितभर थरात ठेवावा. पोत्यात भरून कोपऱ्यात उभा केलेला कांदा आणि बटाट्याच्या शेजारचा कांदा दिवाळी पाहत नाही. पंधरा दिवसांनी एकदा हात फिरवून नासका कांदा बाजूला काढावा. आषाढ शुद्ध नवमीला कांदेनवमी. पुढे चातुर्मास पाळणाऱ्या घरांत कांदा बंद होतो, त्यांनी तर साठवणीकडे अधिकच लक्ष द्यावे. कार्तिकात सोवळे सुटते तेव्हा माळ्यावर काही उरलेले असले पाहिजे ना!

सभासद विचारतात ते प्रश्न

*परदेशातल्या मुलाने बियाची सुंदर पाकिटे पाठवली. लावावीत का?*

नको. कांदा केव्हा पोसायचा हे दिवसाच्या लांबीवर ठरते. आपल्या जातींना अकरा-बारा तासांचा दिवस पुरतो. इंग्लंड-युरोपकडच्या जातींना चौदा ते सोळा तासांचा दिवस लागतो. लंडनला उन्हाळ्यात तो सोळा तासांहून मोठा असतो. आपल्या खंडाळ्यात वर्षातला सर्वांत मोठा दिवससुद्धा सव्वातेरा तासांच्या आतच असतो. त्यामुळे ते रोप नुसती पात वाढवत बसते, खाली गाठ धरतच नाही. शिवाय परदेशी बियाबरोबर रोग येण्याचे भय असते, म्हणून असे बी परवानगीशिवाय आणू नये.

*परस नाही, वस्तीवर नुसते अंगण आहे. मग?*

खताच्या रिकाम्या पोत्याला खाली भोके पाडून, माती आणि शेणखत निम्मे-निम्मे भरून त्यात दहा-बारा रोपे बसतात. वर्षाचा कांदा होणार नाही, पण पातीचा होईल.

*उसात आंतरपीक म्हणून घ्यावा काय?*

पूर्वहंगामी उसात जरूर घ्यावा, पण रोप आधी तयार पाहिजे. उसाची लागण झाल्यावर उळे टाकले तर उसाची मोठी बांधणी आणि कांद्याची काढणी एकाच वेळी येतात आणि दोघांचे नुकसान होते.

घरचे बी, आणि एकट्याने न करण्याचे काम

शेवटी पुन्हा बियाकडेच येतो. घरचे बी धरले तर पुढल्या वर्षी पिशवीची तारीख पाहावी लागत नाही. कांदा हे बियासाठी दोन वर्षांचे पीक. मेमध्ये काढलेल्या कांद्यातून मध्यम आकाराचे, बारीक मानेचे, एकाच डोळ्याचे, एकसारख्या रंगाचे कांदे निवडून वेगळे ठेवावेत. ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत जे न कुजता, न कोंबता टिकले तेच लावावेत. म्हणजे टिकाऊपणाची निवड आपोआप होते. जानेवारी-फेब्रुवारीत गोंडे फुलतात. त्या दिवसांत तिथे कीटकनाशक अजिबात नको, कारण परागीकरणाचे काम मधमाश्या करतात. गोंड्यात काळे बी डोकावू लागले की ते टप्प्याटप्प्याने, सकाळच्या दवात खुडावेत, सावलीत खडखडीत वाळवून, चोळून, कोरड्या हवाबंद बरणीत ठेवावेत.

इथे दोन चुका सर्रास होतात. पहिली, कांद्याच्या वाफ्यात आपोआप आलेल्या डेंगळ्यांचे बी धरणे. फुकटचे बी दिसते, पण त्यातून डेंगळे येण्याचाच गुण पुढच्या पिढीत जातो आणि दोन-तीन वर्षांत सगळा वाफाच फुलावर येतो. दुसरी, पाच-दहा कांद्यांवरच बी धरणे. त्याने वाण खचतो. निदान पन्नास कांदे तरी लावावेत.

आणि तिसरी गोष्ट एकट्याच्या हातातली नाही. मधमाशी बांध मानत नाही. एका घरी गरव्याचे गोंडे आणि शेजारी हळव्याचे गोंडे फुलले तर बी भेसळीचे होणारच. दोन जातींत निदान एक किलोमीटर अंतर पाहिजे; एका घराच्या परसात ते कुठून आणायचे? म्हणून आम्ही असे सुचवतो की एका वस्तीने मिळून एकच जात धरावी. दहा घरांनी आपापले पाच-पाच निवडक कांदे द्यावेत, ज्याच्याकडे बांधालगत कोपरा मोकळा आहे त्याने ते पन्नास लावावेत, गोंडे राखण्याचे काम पाळीपाळीने करावे, आणि बी निघाले की सारखे वाटून घ्यावे. पितृपंधरवड्यात एकाच फडक्यावर सगळ्यांच्या बियाची परीक्षा होते. सहकार म्हणजे यापेक्षा वेगळे काय असते? आपण शेअर जमवून धुराडे उभे केले, तर पन्नास कांदे जमवणे आपल्याला जड नाही.

यंदा दसऱ्याला सोने लुटून आलात की दुसऱ्या दिवशी परसात दोन वाफे काढा. बी तपासलेले असू द्या. हे काम बहुतेक घरांत भगिनीच करणार आहेत हे आम्हाला ठाऊक आहे. तेव्हा कर्त्या पुरुषांनी निदान शेणखताच्या पाट्या वाहून द्याव्यात आणि पाण्याच्या पाळीत परसाचा वाटा विसरू नये, एवढी विनंती. गटात आमची फेरी असते तेव्हा उसाबरोबर तुमचा वाफाही दाखवा. आम्ही आवर्जून पाहू.

— ऊस विकास विभाग